यंदाचं राहून गेलं

जून सरत आला की वडप्याच्या त्या गोडाऊनमध्ये ऑफिसात बसणाऱ्यांची धावपळ सुरू व्हायची. हमालांची नव्हे, त्यांना कोण विचारतं? जानेवारीत प्रत्येकाने यंदा काय काय करणार ते कंप्युटरवर भरून द्यायचं आणि वर्ष निम्मं झालं की मॅनेजरसमोर बसून त्यातलं काय झालं, काय राहिलं ते सांगायचं, असा कंपनीचा नियम होता. कामाचं एक आणि स्वतःचं एक. स्वतःचं कशाला, असं क्षितिजाने नवीन असताना विचारलं होतं. कंपनीला माणसांची काळजी आहे म्हणून, असं उत्तर मिळालं.

तिची मॅनेजर हेमाली तिच्याहून बरीच लहान, ठाण्याहून येणारी, मनाने चांगली मुलगी होती. काचेच्या केबिनमध्ये तिने क्षितिजाला बसवलं, चहा मागवला.

"ताई, कामाचं काही बोलायलाच नको. परत आलेल्या मालाचा सगळा घोळ तुम्ही निस्तरलात," ती म्हणाली. मग स्क्रीन खाली सरकवली. "आणि पर्सनलमध्ये तुम्ही लिहिलंय, घर मोठं करायचं. झालं का? वरचा मजला काढताय का?"

क्षितिजाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि हसूच आलं. ते तिच्या तोंडावर तसंच राहिलं.

"यंदाचं राहून गेलं," ती म्हणाली.

"अरेरे! मग पुढच्या सहा महिन्यांसाठी तेच ठेवू की दुसरं काही लिहू?"

"सांगते. उद्या सांगते."

हेमालीने मान डोलावली आणि पुढच्याला आत बोलावलं. क्षितिजा आपल्या टेबलापाशी आली. काचेपलीकडे डॉकवर गाड्या लागत होत्या, पोरी पार्सलांवर स्कॅनर मारत होत्या. घर मोठं करायचं असंच तिने लिहिलं होतं, कारण मूल हवं असं कंपनीच्या कंप्युटरवर लिहिण्याची लाज वाटली होती.

क्षितिजा अंजूरच्या तुळशीराम केण्यांची थोरली सून. एकेचाळीस वर्षांची. लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती. केण्यांची खाडीकडेला भातशेती होती. तिच्यातली बरीच आबांनी, म्हणजे तुळशीरामांनी, चांगल्या भावात विकली, त्यातून दुमजली घर झालं, दोन नणंदांची लग्नं बँडबाजा लावून झाली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी गोडाऊन बांधलं आणि ते थोरल्याच्या, मनोजच्या नावावर केलं. त्याचं भाडं यायचं, घर चालायचं. मनोजचा एक टेम्पो होता, तो त्याच्या हौसेला आणि डिझेलला पुरायचा. सुनेने नोकरी करायची काही गरज नव्हती. पण दोनदा ठाण्याच्या दवाखान्यात पैसे घालून हाती काही लागलं नाही, तेव्हा तिसऱ्यांदा सासऱ्यासमोर पदर पसरायचा नाही असं ठरवून ती वडप्याला कामाला लागली. पगार वेगळ्या खात्यात टाकायचा, त्याला कोणी हात लावायचा नाही, असं नवराबायकोत ठरलेलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या तारखेला दोघं हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला गेले होते. मनोज फार बोलणारा माणूस नव्हता. पण त्या दिवशी त्याने वाढप्याला दोनदा परत पाठवलं आणि नीट समजावून सांगावं तसं म्हणाला, "यंदा शेवटचं. दुसरा टेम्पो राहू दे. धाकट्या कुणालचं लग्न दिवाळीनंतर, ते आबा बघतील. आपण दोघांनी यंदा हेच एक करायचं. झालं तर झालं, नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही."

"नाही काढणार," ती म्हणाली होती.

फेब्रुवारीत सुया झाल्या, ऑपरेशन झालं आणि या खेपेला दोन चांगले गर्भ मिळाले. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. क्षितिजाचं ब्लडप्रेशर वर होतं, गर्भपिशवीचीही थोडी दुरुस्ती करायला हवी होती, म्हणून ते दोन्ही गर्भ गोठवून ठेवले आणि मेमध्ये आत सोडायचं ठरलं. सासूबाई हौसाबाईंनी गावदेवीला साडीचोळी बोलली. घरात कोणी उघड काही म्हणत नव्हतं, पण ती जिना चढायला लागली की कुणाल तिच्या हातातली पिशवी काढून घ्यायचा.

एप्रिलमध्ये केण्यांच्या गोडाऊनला आग लागली.

भाडेकरूने कापडाच्या गाठी ठेवतो म्हणून जागा घेतली होती आणि गाठींच्या मागे थिनरचे ड्रम ठेवले होते. भर दुपारी पेट घेतला. आत हमाल होते, ते पुढच्या शटरने बाहेर पळाले. वॉचमन बुधा मागच्या बाजूला होता. मागचं शटर होतं, पण त्याच्यासमोर माल छतापर्यंत रचलेला. बुधाला आगीतूनच पुढे यावं लागलं.

बुधा दिघाशीचा. गोडाऊनच्या जागी नुसतं शेत होतं, तेव्हापासून तो केण्यांकडे राखणीला होता. मनोजला त्याने खांद्यावर बसवून खाडीवर नेलेलं. त्या दिवशी मनोजनेच त्याला शटरमधून ओढून बाहेर काढलं. ओढताना बुधाच्या हातांचं कातडं मनोजच्या हातात आलं. हे मनोजने कोणाला सांगितलं नाही. पण बघणारे पुष्कळ होते, त्यांनी गावभर केलं.

बुधाला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. भाडेकरू फोन बंद करून पसार झाला. बांधकामाला परवानगी नव्हती म्हणून विमा कंपनीने हात वर केले. पोलिसांनी पंचनामा केला, मागचं शटर अडवलेलं होतं हे त्यात आलं आणि मालक म्हणून मनोजवर केस झाली. त्याला त्या शटरचं माहीत होतं. भाडेकरूला त्याने दोनदा बोलूनही दाखवलं होतं. भाडं मात्र वेळेवर येत होतं, म्हणून तिसऱ्यांदा बोलला नव्हता.

हॉस्पिटलच्या जिन्यावर त्याने क्षितिजाला गाठलं. अंगावर अजून काजळी होती.

"रोजच्या रोज पैसे भरा म्हणतात. आबांकडे आत्ता रोकड नाही," तो म्हणाला.

"माझ्या खात्यातले घ्या," क्षितिजा म्हणाली.

"सगळे लागतील."

"मग सगळे घ्या. माणूस आत तळमळतोय आणि तुम्ही मला काय विचारत बसलाय?"

तिने मागेपुढे पाहिलं नाही. नंतर, एकटी असताना, तिने स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं, त्या घडीला आपण नाही म्हणू शकलो असतो का? दरवेळी उत्तर एकच आलं. कोणावर चिडावं म्हटलं तर चिडायलाही जागा नव्हती.

पैसे संपले, आणि मे संपायच्या आत बुधाही गेला.

बुधाचे दिवस झाल्यावर मनोज आणि क्षितिजा दिघाशीला गेले. बुधाची बायको भागी अंगणात बसून तांदूळ निवडत होती. तिने आदळआपट केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पाणी दिलं. आबांनी पाठवलेले पैसे मनोजने तिच्यापुढे ठेवले. ते तिने तसेच सुपाखाली सरकवले आणि क्षितिजाकडे बघून म्हणाली, "बाई, माझे सोनलला तुमचे कंपनीत लावा."

"सोनल तर कॉलेजात जाते ना? नर्सिंगला जायचं म्हणत होती."

"म्हणत व्हती," भागी म्हणाली. "आता कोन धाडतं?"

सोनल दारात उभी होती. एकोणीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले. क्षितिजाने तिला पुढच्या आठवड्यात पॅकिंगला लावून घेतलं. दुसरं काय करणार होती? आता रोज सकाळी आत शिरताना सोनल तिला, "मॅडम, गुड मॉर्निंग," म्हणायची आणि क्षितिजाला त्या पोरीच्या नजरेला नजर देताना अवघड व्हायचं.

जून संपायच्या आधीच्या रविवारी आबांनी सगळ्यांना ओटीवर बसवलं. आबा खुर्चीत, हौसाबाई उंबऱ्याशी, कुणाल कठड्यावर. बाहेर पाऊस धरून होता.

"आता वरीस निम्मा सरला," आबा म्हणाले. "काय ठरवलावता नि काय झाला, ते सगल्यांना ठावं हाय. आता पुढचा बोला. माझ्या मतानं गोडाऊन परत उभा करायचा. परवानगी काढून, रीतसर. भाडा सुरू झाल्याबिगर घर चालायचा न्हाय."

"पैसे?" कुणालने विचारलं.

"तुझा लगीन एक वरीस पुढं. पोरीच्या बापाशी मी बोललोय. टेम्पो इकायचा. नि क्षितिजाचा पगार हाय, तो घरात येल." ते सुनेकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाय, तुझा पगार मागायची लाज वाटते मला. पण सध्या घरात तेवढाच हाय."

"असू दे, आबा," क्षितिजा म्हणाली.

कुणालने मान खाली घातली. त्याचं लग्न ठरलेल्या मुलीशी तो रोज तासन्‌तास फोनवर बोलायचा. तरी तो एका शब्दाने कुरकुरला नाही. तेव्हा मनोज बोलला.

"मला तिथं पुन्हा गोडाऊन नको. जागा विकून टाका."

"जागा इकायची न्हाय," आबा म्हणाले. "इकलेली जागा परत येत न्हाय. हाय तेवढाच तुकडा हाय आपला."

"आबा, तिथं माणूस जळाला."

"मना काय म्हाईत न्हाय?" आबांचा आवाज एकदम चढला आणि फाटला. "माझ्याच वयाचा व्हता बुधा. पण आग आपण लावली क? घरात सगली मानसां जिती हायेत, त्यांनी खायाचा काय?"

मनोज उठला आणि पावसात तसाच बाहेर निघून गेला. बोलणं तिथेच संपलं. गोडाऊन, लग्न, टेम्पो, पगार, सगळ्याचं ठरलं. ठाण्याच्या दवाखान्याचं नाव कोणी काढलं नाही. हौसाबाई उठताना सुनेच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. विषय निघाला नाही तो विसरल्यामुळे नव्हे, हे क्षितिजाला त्या हातावरून समजलं.

हेमालीने विचारलं त्याच दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला. मेमध्ये यायचं होतं, आला नाहीत. दोघांनी येऊन काय ते सांगून जा, डॉक्टर शनिवारी आहेत. क्षितिजाने बरं म्हटलं.

घरी गेल्यावर तिने मनोजला वर खोलीत बोलावलं. पैशाचं तिने मनात जुळवून ठेवलं होतं. तिच्या माहेरच्या पाटल्या होत्या. त्यांच्याबद्दल कोणाला विचारायची गरज नव्हती, कोणाचं काही अडणार नव्हतं. तेवढ्यात पिशवीचं ऑपरेशन आणि पुढचं सगळं बसत होतं.

"पाटल्या मोडते," ती म्हणाली. "आबांना पगार देईन, एक रुपया मागे ठेवणार नाही. हे वेगळं करू."

मनोज पलंगाच्या कडेवर बसला होता. तीन महिन्यांत तो वाळला होता. रात्री तो झोपत नसे. टेरेसवर फेऱ्या मारत असे, आणि तिला खालून त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येई.

"पैशाचं नाही गं," तो म्हणाला.

"मग?"

"मला नको."

"काय नको?"

"मूल नको मला." त्याने आपले हात मांडीवर उलटे ठेवले. "तुला वाईट वाटेल. पण मी काय करू? मी कोणाच्या अंगाला हात लावला की मला तेच होतं. परवा बहिणीच्या बाळाला माझ्याकडे दिलं, मी त्याला घेतलंच नाही. सगळे हसले, म्हणाले मामा घाबरला."

"होईल कमी. थोडे महिने लोटले की होईल कमी."

"नाही होणार. त्या सोनलला तू रोज बघतेस ना? तिचा बाप माझ्यामुळे गेला आणि मी वर्षभरात बारसं घालू? कोणत्या तोंडाने?"

"तुमच्यामुळे नाही गेला."

"मला माहीत होतं ते शटर," मनोज म्हणाला.

ती खोटं बोलली असती तरी त्याला कळलं असतं. ती म्हणाली, "आणि माझं काय? मी कोणतं शटर अडवलं होतं?"

तो रडायला लागला. हॉस्पिटलात, स्मशानात, पोलीस चौकीत, कुठेही तो रडला नव्हता. क्षितिजा त्याच्याजवळ बसली नाही. खिडकीपाशी उभी राहिली, आणि तिला प्रथमच जाणवलं की आपल्याला या माणसाची दया येते आणि त्याचा रागही येतो, आणि दोन्ही सारखेच खरे आहेत.

दुसऱ्या दिवशी हेमालीने विचारलं तेव्हा क्षितिजाने ते वाक्य काढून टाकायला सांगितलं. "त्या जागी काय घालू?" हेमाली म्हणाली. "काहीही घाला. तब्येत सांभाळायची, असं घाला."

शनिवारी दोघं ठाण्याला गेले. मानकोलीच्या नाक्यावर ट्रेलर आडवा झाला होता, खूप वेळ एका जागी बसून राहावं लागलं. दवाखान्यात बाकांवर जोडपी बसलेली, काहींबरोबर आया, सासवा. एक नवी मुलगी क्षितिजाला विचारत होती, सुई फार दुखते का? क्षितिजाने तिला सांगितलं, नाही दुखत, मुंगी चावल्यासारखं होतं. ते खरं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या घाई करणाऱ्या नव्हत्या.

"गर्भ ठेवायचे असतील तर अजून ठेवता येतात," त्या म्हणाल्या. "पण तुमचं वय आणि प्रेशर बघता फार लांबवून मी पुढे जाणार नाही, हे आधीच सांगते. आणि आत सोडायचे असतील तर दोघांची संमती लागते. ठेवणं बंद करायचं असलं तरी दोघांची."

"आम्ही जरा बाहेर बोलतो," क्षितिजा म्हणाली.

व्हरांड्यात पाण्याच्या मशीनपाशी ती मनोजसमोर उभी राहिली.

"शेवटचं विचारते. तुम्ही हात नका लावू. मी बघेन, आई आहेत, कुणाल आहे. तुम्ही फक्त सही करा. वर्षाने, दोन वर्षांनी तुम्हाला वाटलं तर घ्या जवळ. नाही वाटलं तरी मी एका शब्दाने बोलणार नाही."

मनोजने खूप वेळ विचार केला. तो खरंच विचार करत होता, हे तिला दिसत होतं. मग त्याने नाही म्हणून मान हलवली.

"बंद करायचं तर आत्ता करतो सही. दुसरी नाही होणार माझ्याच्याने."

"मग ठेवू का तसेच?" तिने विचारलं. "निदान असू दे."

"तुझी मर्जी. पण क्षितिजा, तू दरवर्षी मला असं इथे उभं करशील, आणि मी दरवर्षी तुला हेच सांगेन."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो चिडून बोलत नव्हता, धमकावत नव्हता. असेल ते सांगत होता. वर्षभर वाट बघायची, मग या मशीनपाशी उभं राहायचं आणि त्याच्या मान हलवण्याकडे बघायचं, हे तिने मनाशी करून पाहिलं. सोळा वर्षं ती दर महिन्याला वाट बघत आली होती. आणखी वाट बघायचं बळ आपल्यात आहे का, हे तिने स्वतःला विचारलं आणि नाही असं उत्तर आलं तेव्हा तिला मोठा धक्काही बसला नाही.

दोघं आत गेले. आधी तिने सही केली.

"काय करतात त्यांचं?" तिने बाईंना विचारलं.

बाईंनी तिला साध्या शब्दांत सांगितलं. त्यांना काही जाणवत नाही, असंही सांगितलं.

दुपारी दोघं अंजूरला पोचले तेव्हा पाऊस उघडला होता. हौसाबाई पडवीत बसल्या होत्या. त्यांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. ताटं घेतली. सुकटीचं कालवण होतं, तांदळाच्या भाकरी होत्या. मनोज जेवला. एप्रिलपासून तो घास चिवडायचा, त्या दिवशी त्याने दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. हौसाबाईंनी सुनेच्या ताटात कालवण वाढलं.

"जेव, बाय."

"जेवते, आई."

"तुझा चुकला न्हाय काय," म्हातारी हळूच म्हणाली. "त्याचा पण चुकला न्हाय. कुणाचा चुकला तेच मना कलत न्हाय."

भांडी आवरून क्षितिजा वर गेली. मनोज पलंगावर आडवा पडला होता, कपडे न बदलता, एक हात खाली लोंबत होता. त्याला झोप लागली होती. नुसती डुलकी नव्हती. लहानपणी माणूस झोपतो तशी गाढ झोप, तोंड उघडं, श्वास जड. तीन महिन्यांत तिने त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. कपाळावरची आठीही गेली होती.

तिचं सगळं गेलं तेव्हा कुठे याला झोप आली होती. त्याला हलवून जागं करावं, ओरडावं, उठून बसवावं आणि माझ्याकडे बघा म्हणावं असं तिला इतकं तीव्रतेने वाटलं की ती पलंगापर्यंत गेली. हात पुढेही केला.

पण उठवून त्याला सांगायचं काय, हे तिला सुचेना. खाली आबा कोणाशी तरी फोनवर सिमेंटचा भाव बोलत होते. सोमवारपासून तिची सकाळची शिफ्ट होती. ती खुर्ची ओढून खिडकीपाशी बसली आणि त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिली. संध्याकाळपर्यंत तो उठला नाही, आणि तिनेही उठवलं नाही.